60 च्या होडीला 90 चं इंजिन : फॉरवर्ड करण्याआधी

होडीवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: “60 हॉर्सपॉवरच्या फायबर होडीला 90 चं इंजिन लावा, अर्ध्या थ्रॉटलवर चालवा. पेट्रोल वाचतं, इंजिन टिकतं, अडीनडीला ताकद हाताशी. पाटीवरचा आकडा कंपनी घाबरून लिहिते.”

आधी पाटी, म्हणजे होडीला जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरचं इंजिन लावावं हे सांगणारी. अमेरिकेत 20 फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींवर हा आकडा लिहिण्याची निर्मात्याला सक्ती आहे, आणि त्याचं सूत्र जाहीर आहे. लांबी गुणिले मागच्या फळीची (जिच्यावर इंजिन टांगतात) रुंदी: 16 फूट बाय 6 फूट, म्हणजे 96. पुढे बसून चाकाने वळवायची सोय असेल आणि फळी किमान 20 इंच उंच असेल, तर दुपटीतून 90 वजा. 102 येतात, पाचाच्या पटीत 105. तीच साधी होडी इंजिनाचं हँडल धरून चालवायची असेल, तर सूत्र वेगळं, आणि आकडा 55 वर उतरतो. यात घाबरण्याचा संबंध कुठे आला?

पेट्रोल? तेवढ्याच वेगाला ताकद तेवढीच लागते, इंजिन कुठलंही असो. उलट 60 चं फोर-स्ट्रोक साधारण 110 किलो, 90 चं 160 च्या आसपास. म्हणजे एक माणूस कायमचा मागच्या काठावर बसवला. आणि पूर्ण थ्रॉटल दिला तरी दीडपट ताकदीला दीडपट वेग मिळत नाही; ढोबळमानाने वीस-बावीस टक्के वाढतो.

अडीनडीचं म्हणणं तर सगळ्यात घातक. मागून दबलेली होडी खाडीच्या मुखाशी वेगात आहे आणि समोर जाळ्याचा बोया दिसला म्हणून थ्रॉटल एकदम सोडला, की मागून येणारी स्वतःचीच लाट फळीवरून आत येते. तिथे 90 काय, 150 असलं तरी उपयोग नाही.

इंजिन टिकेलही, फळी टिकेल का बघा. बऱ्याच होड्यांत फायबरच्या आत प्लायवूड असतं. जास्तीच्या ओढीने बोल्टांपाशी केसाएवढी चीर पडते, पाणी आत मुरतं आणि वरून रंग झकास दिसत असताना आतला प्लाय कुजतो. हातोडीने हलकं ठोकून बघा, बद्द आवाज आला तर समजा.

आणि ताकद खरंच कमी पडत असेल, तर नेहमीचा भार भरून पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम पाहा. पुस्तकात 5000 ते 6000 लिहिलंय आणि काटा 4500 लाच अडकतोय? मग कमी पिचचा पंखा घ्या (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकेल ते माप). एक इंच पिच उतरवला की दीड-दोनशे आरपीएम वाढतात, आणि खर्च नव्या इंजिनाच्या पासंगालाही पुरत नाही.