बारा सिलिंडरांचं खटलं

फेरारी घ्यावी, की जुनी जॅग्वार एक्सजेएस घेऊन तिलाच मनासारखी घडवावी, असं विचारणाऱ्याचं मत आधीच ठरलेलं असतं. मी फक्त घरी दाखवायचा साक्षीदार. हिशेबही त्यानेच मांडलेला असतो: फेरारी एफ३५५ च्या किमतीच्या तुलनेत एक्सजेएस चिल्लर, मग उरलेल्या पैशात सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र), ओव्हरड्राइव्ह (इंजिनाला कमी पळवणारा सर्वांत वरचा गिअर), मोठे ब्रेक. हिशेब चोख आहे. फक्त ‘उरलेले पैसे’ हा शब्दप्रयोग धाडसी आहे.

एक्सजेएस १९७५ ते १९९६ या काळात कॉव्हेंट्रीत बनली. ५.३ लिटरचं व्ही१२ इंजिन (व्ही आकारात सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा), साधारण १,७५० किलो वजन आणि वाड्यातल्या थोरल्या काकांचा स्वभाव: उठायची घाई नाही, पण उठले की सगळ्यांनी वाट द्यायची. रेसिंग ड्रायव्हर टॉम वॉकिन्शॉने १९८४ मध्ये हीच गाडी घेऊन युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकली, हे प्रत्येक हौशी माणूस पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो. वॉकिन्शॉच्या हाताखाली मेकॅनिकांची अख्खी पलटण होती, हे सांगायला मात्र वेळ उरत नाही.

बॉनेट उघडलं की इंजिन दिसत नाही, नळ्या दिसतात. रविवारची तुळशीबाग. त्यात पेट्रोल फवारणारे बारा इंजेक्टर, प्रत्येकाला एक आखूड रबरी नळी, आणि हा सगळा संसार व्हीच्या खोबणीत, दोन तापलेल्या सिलिंडर-हेडांच्या मधोमध. रबर कडक होतं, तडकतं आणि अडीच बारच्या दाबाचं पेट्रोल गरम इंजिनावर उडतं. पुढचं अग्निशमन दलाकडे. म्हणून पाचशे अश्वशक्तीची स्वप्नं बाजूला ठेवून पहिला खर्च या नळ्यांचा. ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची, इंजेक्शनसाठीचीच आर९ दर्जाची नळी घ्यायची; कार्ब्युरेटरवाली स्वस्त नळी चालत नाही. जुनी नळी ब्लेडने चिरताना हात जपून! इंजेक्टरच्या तोंडावर ओरखडा उठला की नवी नळीसुद्धा तिथूनच पाझरते.

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे बाराही सिलिंडरांना ठिणगी वाटणारा. त्याच्या आतली सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं तेलावाचून जाम होतात. तपासणी सोपी: टोपी काढा, आतला फिरणारा रोटर बोटांनी थोडा पिळा. सोडल्यावर तो स्प्रिंगने झटकन परत यायला हवा. ढिम्म बसला तर ठिणगी उशिरा पडते, गाडी तापते, पेट्रोल ढोसते, आणि मालक मोठा रेडिएटर शोधत फिरतो. रेडिएटर कित्येकदा बिचारा निर्दोष असतो. त्याच्या कडेचा फोम कुजून गेलेला असतो आणि वारा जाळीतून जायचं सोडून बाजूने निसटतो. चार पट्ट्या फोम लावा, मग पाकिटाला हात घाला.

१९८९ नंतरच्या ५.३ मध्ये मॅरेली कंपनीचं इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) आहे. त्याचा रोटर जळला की एका बाजूचे सहा सिलिंडर गप्प होतात. उरलेले सहा मुकाट्याने गाडी ओढतात, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. संयुक्त कुटुंबाचे तोटे.

सुपरचार्जरचं वेड असेल तर आधी इंजिनाचं वय पाहा. १९८१ पासूनच्या एचई (हाय एफिशियन्सी) इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याचं प्रमाण, आधीच १२.५ ला १. त्यावर आणखी हवा कोंबणं म्हणजे पंगतीत जिलबीच्या चौथ्या आग्रहानंतर पाचवा. त्यापेक्षा गिअरबॉक्स बदला. बहुतेक ५.३ गाड्यांत मूळचा जनरल मोटर्सचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक, जीएम ४००. ताशी ७० मैलांना इंजिन साधारण २,६०० फेरे घेतं. त्याचाच वंशज ४एल८०ई बसवला की ओव्हरड्राइव्हमुळे तेच काम १,९५० च्या आसपास होतं. त्यासाठी अडॅप्टर, स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणि नव्या मापाचा प्रॉपेलर शाफ्ट लागतो. माझ्या मते या गाडीतला पैसा वसूल होणारा हा एकमेव मोठा बदल.

ब्रेकचं प्रकरण वेगळंच. १९९३ पूर्वीच्या गाड्यांत मागचे डिस्क चाकांपाशी नाहीत, डिफरन्शिअलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला, चिकटून आहेत. तिथल्या उष्णतेने डिफरन्शिअलचे ऑइल सील भाजतात, तेल डिस्कवर गळतं आणि ब्रेक नावापुरते राहतात. दुरुस्तीला मागचा अख्खा सांगाडा खाली घ्यावा लागतो: एक्झॉस्ट, शाफ्ट, हँडब्रेकची केबल, ब्रेकची होज, दोन रेडियस आर्म आणि चार रबरी माउंटिंग. रेडियस आर्मचा बोल्ट गंजून बसलेला असतो, आणि तो हलला तर बॉडीचा तो कोपराच हातात येतो. सांगाडा उतरवलाच आहे तर डिस्क, सील, युनिव्हर्सल जॉइंट सगळं एकदम उरका.

एवढं ऐकून मंडळी फेरारीकडे वळतात. एफ३५५ चं टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) बदलायचं काम दर तीन वर्षांनी, गाडी उभी असली तरी, करायचं. त्यासाठी इंजिन सबफ्रेमसकट खाली उतरतं. सुरुवातीच्या गाड्यांचे व्हॉल्व्ह गाइड झिजतात, म्हणून घेण्याआधी लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमधला दाब किती गळतो ते पाहणारी) हवीच. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकतात, आतली प्लॅस्टिकची बटणं काकवीसारखी चिकट होतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फार तापल्याचा इशारा देणारा ‘स्लो डाउन’चा दिवा सगळं ठीक असतानाही पेटतो. त्याला बहुधा बिल आधी कळलेलं असतं.

इंग्लंडात आणखी एक मेख आहे. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला एमओटी (दरवर्षीची सक्तीची तपासणी) माफ असते, पण चेसिस, सस्पेन्शन किंवा इंजिनाचा प्रकार बदललात तर ती माफी जाऊ शकते. विमा कंपनीला प्रत्येक बदल आधी कळवा.

एक्सजेएस बघायला जाल तेव्हा विकणारा अभिमानाने म्हणेल, बाराही प्लग नवे टाकलेत. मागचे दहा पाहू नका. पुढचे दोन एसीच्या कॉम्प्रेसरखाली दडलेले असतात; तो सोडवून बाजूला घेतल्याशिवाय तिथे धड पाना जात नाही. तेवढेच दोन दाखवा म्हणा, आणि त्याचा चेहरा बघा.