स्फॅलेराइटचा बँड गॅप 3.3 कसा? निपाणीच्या वाचकांना उत्तर

सर, स्फॅलेराइटवरच्या (झिंक सल्फाइडचे खनिज) लेखात पुडीचे परावर्तन मोजून बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला लागणारी किमान ऊर्जा, 3.3 दिला होता. त्यावर तुमचे आक्षेप दोन. झिंक सल्फाइडचा बँड गॅप पुस्तकांत 3.6 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असताना लेखात 3.3 कसा? आणि पुडीचे परावर्तन कशाला, थिन सेक्शनमधून (काचेवर इपॉक्सीने चिकटवलेल्या पातळ चकतीतून) थेट प्रकाश पाठवून का मोजले नाही?

दुसरा आधी घेतो, कारण तिथे मी अजिबात सहमत नाही. थिन सेक्शन 30 मायक्रॉन जाड. बँड गॅप ओलांडला की शोषण-गुणांक (प्रकाश किती झपाट्याने शोषला जातो ते माप) दर सेंटिमीटरला 10,000 च्या घरात जातो. जाडीशी गुणाकार येतो 30, आणि पार होणारा प्रकाश e च्या उणे 30व्या घाताइतका. म्हणजे दहा लाख कोटींतला जेमतेम एक फोटॉन पार होणार. डिटेक्टरला दिसते ते बँड गॅपच्या अलीकडचे शेपूट (कमी ऊर्जेचे मंद शोषण), आणि त्यावरून काढलेला आकडा आणखी खालीच येतो. शिवाय 350 नॅनोमीटरखाली काच आणि इपॉक्सी स्वतःच प्रकाश खाऊ लागतात.

आता 3.6. तो शुद्ध झिंक सल्फाइडचा. लेखातला नमुना राजस्थानातल्या जावरचा, तपकिरी. हा रंग जस्ताच्या जागी बसलेल्या लोहाचा. त्यामुळे शोषण दृश्य प्रकाशापर्यंत पसरते. चाल्कोपायराइटचे (तांबे-लोहाचे पिवळे सल्फाइड) ठिपके असले तर आणखी घोळ, म्हणून दळण्याआधी मायक्रोस्कोपखाली पिवळे कण वेचून काढावेत.

यंत्रावर शंका असेल तर त्याच दिवशी शुद्ध झिंक सल्फाइडची पूड मोजा. 3.6 च्या जवळ आले नाही, तर आधी दिवा-बदल तपासा. 3.6 म्हणजे 344 नॅनोमीटर, आणि बऱ्याच स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ड्युटेरियमवरून टंगस्टनवर जाणे नेमके 340-350 दरम्यान होते. तिथे आलेखाला पायरी पडते आणि बँड गॅप काढायला ओढलेली आपली सरळ रेषा त्या पायरीवरच बसते! बदल 320 वर न्या. दिवे अर्धा तास तापू द्या. मध्येच वीज गेली तर बेसलाइन (नमुन्याविना कोरे मोजमाप) पुन्हा घ्या.

पूड अ‍ॅगेटच्या खलात आयसोप्रॉपिल अल्कोहोल घालूनच करा. कोरडी जास्त रगडली की स्फटिकात दोष वाढतात, शेपूटही वाढते. वजनाने 5 टक्के पूड, बाकी बेरियम सल्फेट. नुसती पूड भरली तर आरशासारखे परावर्तन मिसळते (अपवर्तनांक 2.37, म्हणजे सरळ पडणाऱ्या प्रकाशाचे साधारण 16 टक्के) आणि परावर्तनावरून शोषण काढण्याचे कुबेल्का-मुंक सूत्र लागू पडत नाही. खानापूरकडच्या पावसाळ्यात 60 अंशांवर दोन तास वाळवा. ओल उरली तर तिचे खड्डे 1400 आणि 1900 नॅनोमीटरला दिसतात, पण बँड गॅपवर त्यांचा परिणाम नाही.

टॉक आलेखात (शोषणावरून बँड गॅप काढण्याचा आलेख, आडव्या अक्षावर ऊर्जा) शेपटाचीही रेषा ओढा आणि दोन रेषा छेदतात ती किंमत घ्या. लोहयुक्त नमुन्यात नुसत्या आडव्या अक्षावरचा छेद नेहमी कमी येतो.