पासिंगपुरते बल्ब

सकाळपासून डोकं फिरलंय. कुणाशी तरी बोलायलाच हवं म्हणून इथे लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या गाडीला 15 वर्षं झाली, म्हणून आज पासिंगला नेली होती. रांगेत माझ्यापुढे एक उंच काळी गाडी. बॉनेट उघडं, आणि एक पोरगा हेडलाइटच्या मागे हात घालून रबराचं झाकण ओढत होता. आतून त्याने एलईडी बल्ब काढले, ते मागे इवलासा पंखा असलेले. फडक्यात गुंडाळून सीटखाली सरकवले आणि खिशातले साधे हॅलोजन त्यांच्या जागी बसवले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पुढे गाडी गेली, अपर (लांबचा झोत) दाखवा, डिपर (खालचा झोत) दाखवा, इंडिकेटर द्या, झालं, पास! मी माझं काम उरकून बाहेर आलो तर फाटकाच्या पलीकडे तेच बॉनेट पुन्हा उघडं. तोच पोरगा, तेच फडकं.

मी मालकाला विचारलंच. म्हणाला, "सगळेच करतात हो."

सगळेच करतात! हे वाक्य ऐकलं आणि मला ती रात्र आठवली. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात. ताईकडून परतत होतो, शेजारी आई. दुपदरी रस्ता, दुभाजक नाही. समोरून असाच पांढराफेक उजेड आला. मी दोनदा डिपर दिला, तीनदा दिला, समोरचा काही दिवा खाली करेना. मग डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा. दोन-तीन सेकंद असतील. दृष्टी परत आली तेव्हा समोर उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागला, गाडी थांबली. आईचा हात डॅशबोर्डवर दाबलेला होता, आणि घर येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

कितीतरी दिवस मी त्या माणसाला माजोरडा म्हणत होतो. मग एका मेकॅनिकने मला हेडलाइटचा एच-4 जातीचा हॅलोजन बल्ब हातात देऊन दाखवला. आत दोन तारा असतात, त्यातल्या डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी. ती वाटी खालचा उजेड अडवते, म्हणून परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो रस्त्यावर उतरतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या त्या भांड्यात भलताच एलईडी खुपसला, त्याची चिप तारेच्या नेमक्या जागी बसली नाही, की उजेड वाटेल तिकडे उधळतो. म्हणजे कदाचित त्या रात्री तो माणूस डिपरवरच होता! त्याच्या लेखी त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. याचाच मला जास्त राग येतो.

नियम नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय की दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. दीड मीटर, म्हणजे उभ्या माणसाचे डोळे. कुणीतरी विचार करून लिहिलंय ते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल आहे की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येत नाहीत. आणि खाजगी गाडी? पहिली 15 वर्षं तिचे दिवे सक्तीने तपासायला कुणी बोलावतच नाही. पीयूसीवाला नळी घालतो सायलेन्सरमध्ये, दिव्यांकडे बघायचं त्याचं कामच नाही.

बरं, त्या नळीचं तरी काय? बीएस-6 हे धुराचे नवे नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2020 पासून, डिझेल गाडीला किलोमीटरमागे फक्त 4.5 मिलिग्रॅम काजळीचे कण सोडायची मुभा आहे. आधीच्या बीएस-4ला ती 25 होती. हा फरक पडला तो मुख्यतः डीपीएफ नावाच्या गाळणीमुळे. ती काजळी धरून ठेवते आणि अधूनमधून तापून जाळून टाकते. शहरात जवळजवळचं फिरणाऱ्यांची गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा पेटतो, मग लोक काय करतात? आतला गाभा काढून नुसता रिकामा डबा परत बसवतात आणि रिमॅप करून घेतात, म्हणजे गाळणी नाही हे गाडीच्या संगणकाला कळू नये अशी सेटिंग बदलतात. बाहेरून सगळं जसंच्या तसं. पीयूसी बघते धूर किती काळा आहे ते. बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या यंत्रालाही मोजता येत नाहीत, तेव्हा पास. जर्मनीत जुलै 2023 पासून युरो-6 (तिकडचे बीएस-6सारखे नियम) डिझेलचे कण मोजतात, नेदरलँड्समध्ये त्याच वर्षीच्या जानेवारीपासून. तिथे रिकामा डबा पकडला जातो. आपल्याकडे त्याला प्रमाणपत्र मिळतं.

मान्य, कंपनीचे हॅलोजन काही गाड्यांत अगदी मिणमिणते असतात. नवी गाळणी घालायचा खर्चही कुणाचा जीव काढेल असा असतो. मान्य. पण म्हणून समोरच्याने आंधळं व्हायचं?

त्या पोराबद्दल मात्र राग नाही माझ्या मनात. वीसेक वर्षांचा असेल, हात ग्रीसने काळे. मी त्याला म्हटलं, अरे, यात लोक मरतात रे. तो म्हणाला, "काका, मी नाही बसवले तर शेजारचा बसवतो." यावर मी काय बोलणार? त्याच्या वयाचा असताना मीही दुचाकीचा सायलेन्सर पोकळ करून फिरलोय, गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात. तेव्हा कळत नव्हतं.

आता व्यावसायिक गाड्यांसाठी यंत्रावर तपासणी येतेय, माणसाने नजरेने 'पास' म्हणायचे दिवस संपणार म्हणतात. 2021 साली नियम निघाले, तारखा पुढे ढकलल्या, मग ऑक्टोबर 2024 ठरला होता. हेडलाइटचा झोत कुठे पडतो हे यंत्र मोजणार. चांगलंच आहे, मनापासून स्वागत. पण यंत्र त्याच दिवशी मोजणार ना, ज्या दिवशी हॅलोजन बसवलेले असतील? सीटखालचं फडकं कोण उघडून बघणार? मला विचाराल तर तपासणी रात्री, रस्त्यावर, न सांगता व्हायला हवी. एक पडदा, एक मोजपट्टी आणि दोन माणसं पुरेत. दारू पिऊन चालवणाऱ्याला असंच पकडतात ना? मग दुसऱ्याची नजर हिरावणाऱ्याला का सोडायचं?

लिहिता लिहिता पुन्हा त्या ट्रॉलीपाशीच येतोय मी. उसाची टोकं काचेच्या इतकी जवळ होती की पात्यांवरची धूळ दिसत होती. आई एक शब्द बोलली नव्हती.

आत्ता तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "झाली का रे गाडी पास?"

म्हटलं, झाली. पुढची काळीपण झाली. मग सगळं सांगितलं तिला.

ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताईकडे रविवारी जायचंय ना, सकाळी सहालाच निघू. अंधार पडायच्या आत घरी."