सोमवारचा आलेलुया

ईस्टरआधीच्या उपवासकाळात माझी भक्ती खणखणीत असते. मटण बंद, मालिका बंद, दर शुक्रवारी क्रूसाची वाट. चाळीस दिवस मी इतक्या सुतकी चेहऱ्याने वावरतो की शेजारी काळजीने विचारतात, साखर तपासली का? खरी पंचाईत होते ईस्टरनंतर. मटण चोरून खाल्लं तर घरातलं शेंबडं पोरही पकडेल. पण मी आज येशूच्या पुनरुत्थानाचा आनंद केला की नाही, हे कोण तपासणार?

आणि हा आनंद थोडाथोडका नाही. ईस्टर हा एका दिवसाचा सण नव्हेच, तो पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस चालतो, असं आमचे फादर दरवर्षी बजावतात. म्हणजे उपासापेक्षा दहा दिवस जास्तच. आमच्या वसईत मात्र तो दुपारच्या जेवणापर्यंत पुरतो. मग झोप, आणि सोमवारी लोकल.

शनिवारी रात्री अंधारात पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटते, उपवासकाळभर गिळून ठेवलेला ‘आलेलुया’ हा देवाच्या स्तुतीचा घोष चार आवाजांत सुटतो, गर्दी पार मैदानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपर्यंत जाते. पुढच्या रविवारी मेणबत्ती तीच, जागच्या जागी. गायनमंडळात मात्र कीबोर्डवाला, दोन मावश्या आणि मी. बाकी सगळे कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला. उपवासकाळात थांबवून ठेवलेल्या लग्नांचा बांध ईस्टरनंतरच फुटतो ना! मग चार आवाजांतला आलेलुया मी एकटा खर्जात ओढतो.

त्या रविवारचं शुभवर्तमान दरवर्षी येशूच्या थोमा या शिष्याचं. पहिल्या रविवारी प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा हा गैरहजर. आठ दिवसांनी हजर. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, नेमकं उलटं. गैरहजेरीचे तोटे फादर तळमळून सांगतात आणि ते आम्हा हजर असलेल्यांना ऐकून घ्यावे लागतात. (थोमाची बाजूही घ्यायला हवी. उशीर केला खरा, पण परंपरा सांगते की इसवी सन 52 मध्ये तो पार केरळपर्यंत आला. आमच्या आळीतल्यांना रस्ता ओलांडवत नाही.)

यंदा आनंद नेमाने करायचा, असं मी ठरवलं. या काळात देवदूताच्या प्रार्थनेऐवजी स्वर्गराणीची, म्हणजे मरियामातेची, आनंदाची प्रार्थना म्हणतात, तीही उभ्याने. उभं राहण्याची अडचण नव्हती. विरार लोकलमध्ये दुसरं काय करतो आपण? पण मनातल्या मनात म्हणताना मला हसू फुटलं, आणि समोरच्या गृहस्थांनी पाकीट मागच्या खिशातून काढून पुढच्या खिशात घातलं.

घरी बायकोला म्हटलं, “आपण पन्नासही दिवस सण मानू या.”

“माना ना. रोज रात्री भांडी घासा, गात गात.”

तेव्हापासून मोरीपाशी माझा आलेलुया घुमतो. परवा आई आतल्या खोलीतून म्हणाली, “अरे, मनात म्हटलेलंही देवाला ऐकू जातं.”