पेशी जिवंत आहे हे कशावरून ठरवावे?

पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ आणि विभाजन ही पेशीची मूलभूत कार्ये सांगून, यांपैकी एकही थांबले तर पेशी मृत समजावी, असे पेशीविषयीच्या ज्या लेखावर मी हे लिहीत आहे, त्यात म्हटले आहे. हे शेवटचे विधान मान्य करता येत नाही. मानवी रक्तातील परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका नसतात आणि तिचे विभाजनही होत नाही. तरीही ग्लुकोजच्या ऑक्सिजनविरहित विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ती सुमारे १२० दिवस जगते (जो ऑक्सिजन ती जन्मभर वाहते, तो ऊर्जेसाठी स्वतः वापरत नाही, ही गंमत वर्गात क्वचितच सांगितली जाते).

माझ्या मते अधिक कळीचे कार्य म्हणजे पेशीपटलाच्या (पेशीभोवतीच्या पातळ आवरणाच्या) आतील आणि बाहेरील द्रावणांतला फरक टिकवणे, आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही. डॅनिश शास्त्रज्ञ जेन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये ज्याचे विकर (एन्झाइम) शोधले, तो पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. ऊर्जेअभावी तो बंद पडला की आत सोडियम साचतो, पाठोपाठ पाणी शिरते आणि पेशी फुगू लागते.

वडोदऱ्यात माझ्याकडे शिकवणीला येणारी मराठी घरांतली मुले शाळेत हा विषय गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात आणि असे लेख आवर्जून वाचतात, त्यामुळे ही दुरुस्ती मूळ मजकुरातच व्हावी. पुढील भागात पेशी स्वतःचेच जीर्ण घटक कसे पचवते, यावरही लिहावे. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल त्याच संशोधनासाठी मिळाले होते.