ठिपके दिसले म्हणून चित्र नकली ठरत नाही

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. देवघराशेजारच्या भिंतीवरची लक्ष्मी तिने उतरवून माळ्यावर टाकली होती. पणजीच्या वेळेपासून घरात असलेलं चित्र. "अगं, भिंगातून बघितलं, नुसते ठिपकेच ठिपके. आम्ही इतकी वर्षं कॅलेंडरलाच हार घालत होतो."

हे तिच्या डोक्यात भरवलं होतं मोबाइलवर फिरणाऱ्या एका मजकुराने. तो मलाही निरनिराळ्या गटांतून चार वेळा आला आहे. जुनी चित्रं आणि पोथ्या घरबसल्या ओळखण्याच्या पाच खुणा त्यात दिल्या आहेत. भिंगातून ठिपके दिसले तर चित्र अलीकडचं, नकली. कॅनव्हासचा पोत आणि चकाकी असेल तर अस्सल तैलचित्र. चित्रकाराची सही आणि साल असेल तर त्याच सालचं. चित्राभोवती कागद चौकटीसारखा दबलेला असेल तर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं जुनं चित्र. आणि पोथीतलं अक्षर हाताचं असेल तर ते हस्तलिखित. या पाचही खुणा खऱ्या वस्तूंवर दिसतात. त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकतात, आणि त्या चुकांपायी माळ्यावरच्या, भंगारातल्या कितीतरी चांगल्या वस्तू नष्ट होतात.

पहिली खूण ठिपक्यांची. सगळ्यात जास्त नुकसान तिनेच केलं आहे.

राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला. ‘शकुंतलेचा जन्म’ हे तिथून निघालेलं पहिलं चित्र. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तिथली चित्रं शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने किंवा खडूने काढायचं, दगड ओला करायचा, वरून छपाईची शाई फिरवायची. तेलकट रेघ शाई धरते, ओला दगड तिला झिडकारतो. आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधलेली ही युक्ती. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो, आणि एकेका चित्राला डझनभर दगडही लागत.

आता अडचण अशी, की अशा दगडावर शाई एक तर बसते किंवा बसत नाही. फिका गुलाबी आणि गडद गुलाबी एकाच दगडावरून एकाच शाईत निघत नाहीत. मग गालावरची छटा आणायची कशी? कारागीर लेखणीच्या टोकाने ठिपके काढत असे. सावलीत दाट, उजेडात विरळ. हजारो ठिपके, आणि तेही प्रत्येक रंगाच्या दगडावर वेगळे. आत्याला भिंगातून जे दिसलं ते हे होतं. ज्या खुणेला ती नकलीपणाचा पुरावा समजली, ती कुणा कारागिराच्या मनगटाची खूण होती.

मग कॅलेंडरचे ठिपके वेगळे कसे ओळखायचे? आजच्या ऑफसेट छपाईत फोटो जाळीतून फोडलेला असतो. ठिपके सरळ रांगांत, समान अंतरावर असतात; फक्त लहानमोठे होतात. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या चार जाळ्या वेगवेगळ्या कोनांत एकमेकींवर पडतात आणि भिंगाखाली छोट्या फुलांची नक्षी तयार होते. ती एकदा पाहिली की विसरत नाही. हाताचे ठिपके रांगेत नसतात. ते गालाच्या गोलाईबरोबर वळतात, हनुवटीखाली गर्दी करतात. रंगही चार ठरावीक नसतात. मातकट, फिका गुलाबी, राखाडी निळा, तपकिरी असे वेगवेगळे सापडतात.

पण यावरून ‘रांगेतले ठिपके म्हणजे नवं, विस्कळीत ठिपके म्हणजे जुनं’ असा नवा नियम करू नका. तोही फसतो. आजचा इंकजेट प्रिंटर शाईचे विस्कळीत थेंबच उडवतो. मात्र ते अतिशय बारीक असतात, जवळजवळ एकाच मापाचे, आणि त्यांच्यात कुठेही हाताची दिशा नसते. उलट बाजूने, अमेरिकेत बेंजामिन डे याने १८७९ मध्ये तयार ठिपक्यांचे पडदे काढले, ते दगडावर उतरवून जुन्या शिळाछापातही नियमित ठिपके येत. आणि जाळीचे हाफटोन ठसे, म्हणजे फोटोच्या छटा ठिपक्यांत फोडून छापणारे ठसे, तर १८८० च्या दशकापासून आहेत. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके याच धंद्यात होते. रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी फोटो-लिथोचं, म्हणजे फोटो दगडावर उतरवून छापण्याचं, काम केलं आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला गेले. त्या काळच्या मासिकातला हाफटोन ब्लॉक जाळीचाच असणार, म्हणून तो नकली होत नाही. त्या ब्लॉकचा ठिपका नीट पाहा: दाबामुळे शाई कडेला सरकते आणि ठिपक्याभोवती गडद कड दिसते. ऑफसेटचा ठिपका सपाट असतो. वय ठरवायला ही कड ठिपक्यांच्या असण्या-नसण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

ठिपके अजिबात नसणं हाही पुरावा नाही. कोलोटाइप नावाच्या पद्धतीत जिलेटिनच्या थरावरून फोटो छापत; त्यात जाळी नसते, फक्त सुरकुतल्यासारखी अतिसूक्ष्म नक्षी असते. साध्या डोळ्यांना ते हाताने रंगवल्यासारखंच वाटतं.

दुसरी खूण, कॅनव्हासचा पोत. तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या अशा शिळाछाप चित्रांना ओलिओग्राफ म्हणतात. नावातच तेल आहे आणि तो पोत मुद्दाम दिलेला असतो. छपाई झाल्यावर कागदावर कापडाच्या विणीचा दाब देत आणि वरून वार्निश लावत, चित्र तैलरंगासारखं दिसावं म्हणून. ओळखायला सोपं आहे. खिडकीशी चित्र तिरपं धरा. तैलचित्रात रंगाचा जाड-पातळ थर चित्रातल्या आकाराबरोबर चालतो. दागिन्यावर टोक उठलेलं असतं, पार्श्वभूमीवर रंग पातळ असतो. ओलिओग्राफमध्ये वीण चेहऱ्यावर, साडीवर, आकाशावर एकसारखी असते. चित्राची कड किंवा मागची बाजू दिसत असेल तर तिथे कागद दिसेल. पिवळेपणावरून वय ठरवू नका. वार्निश पिवळं पडायला धूप आणि उदबत्ती पुरते.

सही आणि साल. मूळ चित्राची नक्कल दगडावर करताना सहीही नकलली जाई. साल बहुधा मूळ चित्राचं, छपाईचं नव्हे. रविवर्मा १९०६ मध्ये वारला आणि त्याची चित्रं त्यानंतरही वर्षानुवर्षं छापली गेली. छपाईबद्दल काही सांगेल तर चित्राखालची कोरी पट्टी, जिथे छापखान्याचं नाव बारीक अक्षरांत असे. दुर्दैवाने चौकट करणारे नेमकी तीच कापून टाकत. चौकट बदलायला दिलीत तर पट्टी कापू नका असं आधी बजावून सांगा.

दबलेल्या चौकटीबद्दल थोडक्यात. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापताना ओलसर कागद पत्र्यावर जोराने दाबला जातो, त्यामुळे पत्र्याची कड कागदात उमटते, हे खरं आहे. पण पुस्तक बांधताना कडा कापल्या की ही खूण जाते, आणि नुसत्या कोऱ्या पत्र्याने ती नंतर पाडताही येते. त्यापेक्षा रेघ पाहा. कोरलेल्या खाचेतली शाई कागदावर किंचित उंच बसते; तिरप्या उजेडात भिंगाला ते कळतं. जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने १८०३ मध्ये काढलेली वेरूळची चित्रं याच कुळातली, ॲक्वाटिंटची. तिथे सावली रेघांनी नाही, राळेच्या कणांनी येते: शाईच्या बारीक जाळ्यात पांढरी बेटं. त्यांच्या आजच्या ऑफसेट प्रती ‘कोरीव चित्र’ म्हणून विकल्या जातात, आणि भिंग लावलं की बेटांच्या जागी तीच चार रंगांची फुलं उमलतात.

आता पोथ्या. इथे चूक उलट्या दिशेने होते: छापलेली वस्तू हस्तलिखित म्हणून जपली जाते, विकलीही जाते.

देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, पाडणं कठीण आणि महाग होतं, आणि वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना बोरूच्या वळणाची सवय होती. शिळाप्रेसने दोन्ही अडचणी सोडवल्या. लेखनिक तेलकट शाईने खास कागदावर लिही, ते लिखाण दगडावर उतरवत आणि शेकडो प्रती काढत. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं. पुढे सुट्या पानांच्या, आडव्या, चौकट आखलेल्या अशा पोथ्या निघाल्या, की लांबून हस्तलिखितच वाटाव्यात. अक्षर हाताचंच आहे, पण कागदावर तो हात टेकलेला नाही.

बोरूने लिहिताना शाई संपत येते, अक्षरं फिकी होतात आणि बोरू बुडवला की पुढचं अक्षर एकदम गडद होतं. हस्तलिखिताच्या पानावर ही लय ओळीओळीतून दिसते. रेघेच्या शेवटाकडे शाई साचून थेंबही दाट होतो. शिळाछापात काळेपणा पानभर एकसारखा असतो. दुसरी खूण मला फार आवडते. हस्तलिखितात चूक झाली की लेखनिक त्यावर हरताळ नावाचं पिवळं खनिज लावून अक्षर झाकत असे. ‘हरताळ फासणे’ आपण रोज म्हणतो ते तिथूनच आलं आहे. शिळाछापातली दुरुस्ती दगडावरच होते, म्हणून कागदावर तो पिवळा डाग येत नाही. आणि शेवटचं पान वाचा: बऱ्याच पोथ्या छापखान्याचं नाव आणि शके स्वतःच सांगतात. पाण्याचा थेंब टाकून शाई विरघळते का हे बघण्याचा सल्लाही त्या मजकुरात आहे. तो कृपया पाळू नका. पोथी खरोखरच हस्तलिखित निघाली, तर तुम्ही तिचं एक अक्षर पुसून बसाल.

दिवाळीत मी आत्याकडे गेले, लक्ष्मी माळ्यावरून खाली काढली आणि सोनाराचं दहापट भिंग तिच्या हातात दिलं. गालावर फिके गुलाबी ठिपके, जबड्याच्या कडेने वळत गेलेले. मानेखाली राखाडी निळे, जास्त दाट. उजव्या कानाजवळ गुलाबी दगड किंचित सरकून छापला गेला होता, म्हणून तिथे रंगाची एक बारीक रेघ उघडी पडली होती. खालची पट्टी कुणीतरी कापली होती, अक्षरांचे फक्त वरचे शेंडे शिल्लक होते. आत्या बराच वेळ त्या कानापाशी भिंग धरून बसली. मग तिने चित्र पुन्हा टांगलं, या वेळी ओल येते ती भिंत सोडून.