हळद-मिरीची कॅप्सूल आणि यकृताचा कर्करोग

मावशीच्या यजमानांना सिरॉसिस (यकृत घट्ट, निकामी होत जाणं) आहे आणि त्यावर यकृताचा कर्करोग. त्यासाठी सोराफेनिब ही गोळी चालू आहे. परवा मावशी विचारते, "गोळी लागू पडेनाशी झाली तर हळद-मिरीच्या कॅप्सूलने परत लागू पडते ना?" फॅमिली ग्रुपवरचा मेसेज असा: औषधाला दाद न देणाऱ्या कर्करोगाच्या पेशी हळदीने मरतात, हे सिद्ध झालंय, मिरी घातली की गुण 2000 टक्के, नैसर्गिक असल्याने अपाय शून्य, अमेरिकेने पेटंट घेतलं आणि कंपन्या हे लपवतात. खाली कॅप्सूल विकणारी लिंक. असणारच.

पेशी मरतात, कबूल. पण कुठे? प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या ताटलीत. महिनोन्महिने सोराफेनिबचा डोस चढवत वाढवलेल्या, औषधाला निर्ढावलेल्या पेशी, आणि त्यांच्यावर थेट ओतलेलं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य. संशोधन म्हणून ते ठीकच आहे. माणसाने गिळलेलं कर्क्युमिन मात्र रक्तात जेमतेम पोचतं. 2017 साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त नेल्सन आणि सहकाऱ्यांनी 120 हून जास्त मानवी चाचण्यांचा हवाला देऊन लिहिलं, की प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली गोळीशी) तुलना करणाऱ्या डबल-ब्लाइंड, म्हणजे कुणाला काय दिलंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या, चाचण्यांपैकी एकही यशस्वी झालेली नाही.

2000 चा आकडा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. 1998 चा बंगळूरचा प्रयोग: 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पिपरिन. पण वाढलं ते शोषण, गुण नव्हे. नगण्याच्या वीसपट झालं तरी ते किती होणार? शिवाय 2 ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम हळद. खा!

आता 'अपाय शून्य'. इथे माझं डोकं फिरतं. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या 'डिलिन' या गटाने 2022 साली हळदीच्या कॅप्सूल वगैरेंनी यकृत बिघडलेले 10 रुग्ण मांडले. पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. तपासलेल्या काही नमुन्यांत पिपरिनही सापडलं. म्हणजे ज्याचं यकृत आधीच अर्धं गेलंय, त्यालाच ही कॅप्सूल द्यायची!

आणि मिरी काही फक्त हळदीचंच शोषण वाढवत नाही. सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून पुष्कळांना प्रोप्रॅनोलॉल ही नाडी आणि रक्तदाब उतरवणारी गोळी देतात. रोज 20 मिलिग्रॅम पिपरिन घेतल्यावर या गोळीची रक्तातली पातळी वाढते, हे 1991 सालीच निरोगी माणसांत दिसलंय. नाडी मंदावली, रक्तदाब उतरला, चक्कर येऊन पडले, तर दोष कुणाला देणार? डॉक्टर गोळीच बदलतील, कारण कॅप्सूलचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आमटीतल्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये, ती खुशाल घाला.

पेटंट? ते जखमेवर हळद लावण्याचं होतं, कर्करोगाचं नव्हे. 1995 मध्ये दिलं गेलं, आणि माशेलकरांच्या सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने लढून 1997 मध्ये रद्द करवलं.

राहता राहिलं 'कंपन्या लपवतात'. सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध कुणी लपवलं? सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन असतं, ज्याच्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं होतात. ते लपवणं राहिलं बाजूला, मागणीपायी तोडून तोडून नरक्याच आता जंगलात शोधावा लागतो.